फाइल उघडली, पण नावं कुठे गेली?

खानापूर तालुक्यातल्या एका गावात जुनं वाचनालय आहे. तिथला संगणक गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. हार्ड डिस्क वाचली आणि तिच्यात सभासदांच्या नोंदीच्या दोन फाइली सापडल्या. वाचनालयाचं काम बघणारे निवृत्त गुरुजी त्या पेनड्राइव्हवर घेऊन बेळगावला माझ्याकडे आले. "फाइल हाय की रे, पण उघडंना झालीया," एवढंच म्हणाले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बनवल्या होत्या, ते जुन्या संगणकाबरोबरच गेलं होतं.

ते पुन्हा विकत घ्यायची गरज नव्हती. तक्त्याची फाइल म्हणजे ठरलेल्या क्रमाने मांडलेले आकडे. तो क्रम ज्या प्रोग्रॅमला ठाऊक आहे, त्याला ती वाचता येते. लिब्रेऑफिस हा त्यातला फुकट मिळणारा आणि मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा. इंटरनेटवर फाइल चढवून उघडून देणाऱ्या सेवाही पुष्कळ आहेत. पण सभासदांची नावं, पत्ते, फोन असलेली नोंद अनोळखी ठिकाणी चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी फाइलचा प्रकार ओळखायचा, आणि त्यासाठी नावावर विसंबायचं नाही. खरी ओळख पहिल्या काही बाइटांत, म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीच्या आकड्यांत असते. एक्सेल या तक्त्यांच्या प्रोग्रॅमच्या जुन्या एक्सएलएस फाइलची सुरुवात षोडशमान (सोळाच्या पायावर मोजणाऱ्या) पद्धतीत 'डी० सीएफ ११ ई०' अशी होते. रोमन लिपीत हे सलग लिहिलं की 'डॉकफाइल' या शब्दासारखं दिसतं. या प्रकाराचा तपशील मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. २००७ च्या ऑफिसपासून आलेली एक्सएलएसएक्स फाइल 'पी' आणि 'के' या दोन रोमन अक्षरांनी सुरू होते. झिप हा अनेक फाइली एकत्र दाबून बांधणारा प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं. म्हणजे नवी फाइल ही मुळात झिपची पिशवी आहे!

गुरुजींची दुसरी फाइल अशीच होती. तिची एक प्रत काढली, नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स पुसून झिप लिहिलं आणि पिशवी उघडली. आत फोल्डर आणि त्यांत साध्या मजकुराच्या फाइली. प्रत्येक पानाची फाइल वेगळी, कुठलाही टेक्स्ट एडिटर वाचेल अशी. सभासदांची नावं मात्र त्या पानावर नसतात. नावांच्या चौकटीत नुसता अनुक्रमांक असतो आणि खरा शब्द दुसऱ्या फाइलमधल्या यादीत, शून्यापासून मोजून त्या क्रमांकावर. वाण्याच्या रोजच्या वहीत नुसतं खातेपान लिहिलेलं असतं, नाव खतावणीत सापडतं, तसं. एकच गाव पाचशे सभासदांपुढे आलं तरी यादीत एकदाच. बेरजेच्या चौकटीत सूत्र असतं आणि शेवटच्या वेळी आलेलं उत्तरही शेजारी साठवलेलं असतं. म्हणून गणित करणारा प्रोग्रॅम नसला तरी वर्गणीची बेरीज वाचता येते.

तारखा पाहून गुरुजी दचकले, कारण त्या जागी पाच आकडी संख्या होत्या. एक्सेल दिवस मोजतं: १ जानेवारी १९०० म्हणजे १. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो, आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही असा १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस तिथे २०७६० असतो. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅमची ती चूक होती आणि त्याच्याशी जुळावं म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. जुन्या मॅकवरच्या फाइली १९०४ पासून मोजतात. तिथे २०७६० म्हणजे २ नोव्हेंबर १९६०. म्हणून ओळखीची एक तारीख आधी पडताळून घ्यावी.

खरी कसोटी पहिल्या, जुन्या फाइलची होती. लिब्रेऑफिसने ती क्षणात उघडली. आकडे जागच्या जागी, पण नावांच्या रकान्यात रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. गुरुजींना वाटलं, फाइल सडली. ती शाबूत होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये फक्त क्रमांक. त्यातून मराठी दिसायची ती फॉन्टमुळे. फॉन्ट गेला की क्रमांक पुन्हा रोमन दिसू लागतात. त्यात हे सीमाभागातलं वाचनालय! नावं मराठीत, पत्ते कन्नडमध्ये. नावाच्या चौकटीवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट तिरक्या अक्षरांत दिसला, म्हणजे तो संगणकात नाही. पत्त्याच्या चौकटीत नुडी या कन्नड सॉफ्टवेअरचा. एकच तक्ता, दोन वेगळ्या किल्ल्या. सगळा तक्ता एका झटक्यात बदलणारं साधन इथे लावलं असतं, तर अर्धा मजकूर कायमचा बिघडला असता.

रकाने वेगळे केले. नुसते क्रमांक बदलूनही भागत नाही. 'निपाणी' लिहिताना जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने जातो: आधी वेलांटी, मग न. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने: आधी न, मग वेलांटी. 'कुर्ली'त उलट अडचण. जुन्या पद्धतीत रफार ल नंतर टाइप केलेला, युनिकोडमध्ये र ल च्या आधी हवा. परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, ही अदलाबदल केली नाही तर नाव जवळपास बरोबर दिसतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही. म्हणून आम्ही वेलांटी आणि रफार असलेलं प्रत्येक नाव डोळ्यांखालून घातलं.

दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी शेऱ्याचा रकाना उरला. त्यात कुणीतरी एकाच चौकटीत अर्धं मराठी, अर्धं कन्नड लिहिलं होतं आणि फॉन्टची खूण एकाचीच होती. तेवढ्या चौकटींसाठी गुरुजींनी गावातून कागदी रजिस्टर मागवलं. ते वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो.