मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या: १३९ वर्षांचा घोळ

सतलजच्या खोऱ्यात, हिमाचलमधल्या रामपूरजवळ, नोव्हेंबर १८६७ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना एक तपकिरी वटवट्या (झुडपांत वावरणारा चिमुकला पक्षी) मिळाला. (१८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभा भरवण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.) १८६९ मध्ये त्यांनी तो नवी जात म्हणून नोंदवला. त्यांनी दिलेलं शास्त्रीय नाव पुढे अडचणीचं ठरलं आणि १९०५ पासून ‘ॲक्रोसेफॅलस ओरिनस’ हे नाव रूढ झालं. हाच मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या. पण नमुना जगात एकच! साहजिकच कुणी त्याला दुसऱ्या बोरू वटवट्याची उपजात ठरवलं, तर कुणी ‘ब्लिथचा वटवट्या’ या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या जातीतला जरा वेगळा नग.

शंका अगदीच गैर नव्हती. या वटवट्यांच्या पंखांवर ना पट्टा, ना ठिपका. ब्लिथचा वटवट्या हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो. झुडपातून ‘चक् चक्’ करतो म्हणून कळतो, नाहीतर नुसत्या रंगावरून ओळखायला कठीणच. हातात घेतल्यावर चोचीची लांबी-रुंदी, नखं आणि पंखाच्या टोकाचं कोणतं पीस किती आखूड, हे मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. ओरिनसची चोच लांब, नखंही मोठी, पंख गोलसर. पिसं झिजलेली असली की टोकाचे एक-दोन मिलिमीटर गेलेले असतात आणि पंखाचं माप फसवतं.

निकाल लागला २००२ मध्ये. स्टाफन बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन या पक्षी-अभ्यासकांनी ह्यूमच्या नमुन्याचा डीएनए तपासून जात स्वतंत्र असल्याचं दाखवलं. गोलसर पंखांमुळे हा फार लांब स्थलांतर करत नसावा, हा अंदाज मात्र पुढे टिकला नाही.

२७ मार्च २००६ रोजी थायलंडमधल्या लाएम फाक बिया इथे, सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांपाशी, पक्षी-अभ्यासक फिलिप राउंड यांच्या जाळ्यात जिवंत पक्षी सापडला, ह्यूमच्या नमुन्यानंतर १३९ वर्षांनी. पिसांच्या डीएनएवरून खात्री झाली. मग संग्रहालयांचे खण उघडले गेले आणि २००८ मध्ये आणखी १० नमुने जाहीर झाले. बहुतेकांवर चिठ्ठी ब्लिथच्या वटवट्याची! त्यातले काही मध्य आशियातले होते, म्हणून वीण तिकडेच असावी असा तर्क निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट टिमिन्स यांनी अफगाणिस्तानातल्या वखान पट्ट्यात अशा पक्ष्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. २००९ मध्ये तिथे ते गाणं वाजवून, मिस्ट नेट (पक्ष्यांना न दिसणारं बारीक जाळं) लावून सुमारे २० पक्षी पकडले, मोजले आणि सोडून दिले.