बोआविस्टाचं 2001 चं विजेतेपद : एका हंगामामागची पाव शतकाची बांधणी

पोर्तुगालची फुटबॉल लीग 1934-35 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आजवर ती फक्त पाच क्लबांनी जिंकली आहे. लिस्बनचे बेनफिका आणि स्पोर्टिंग आणि पोर्तो शहराचा एफसी पोर्तो, हे तिघे आलटूनपालटून करंडक नेत राहिले. त्यांच्या तटबंदीला दोनदाच खिंडार पडलं. 1945-46 मध्ये लिस्बनच्याच बेलेनेन्सेसनं ते पाडलं आणि त्यानंतर थेट 2000-01 मध्ये बोआविस्टानं. मधे पंचावन्न वर्षं गेली.

बोआविस्टा 1903 चा क्लब, पोर्तो शहरातलाच. घर बेसा स्टेडियम, अंगात बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी. शेजारी एफसी पोर्तोसारखा बलाढ्य क्लब असताना त्याच गावात दुसऱ्या क्लबानं मोठं होणं किती कठीण, हे लक्षात घेतलं की या विजेतेपदाचं मोल कळतं.

अनेक जण त्याला चमत्कार म्हणतात. मला ते पटत नाही. सत्तरच्या दशकात जुझे मारिया पेद्रोतो प्रशिक्षक असताना बोआविस्टानं 1975 आणि 1976 असा लागोपाठ दोनदा पोर्तुगीज कप (लीगहून वेगळी बाद फेरीची स्पर्धा) जिंकला, लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. पुढे पेद्रोतो एफसी पोर्तोकडे गेले आणि त्यांनी त्या क्लबाचा एकोणीस वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला, एवढ्या तोलामोलाचा माणूस होता तो. क्लबाची सूत्रं दीर्घकाळ वालेंतिम लोरेइरो यांच्याकडे आणि 1997 पासून त्यांचे पुत्र जुआंव यांच्याकडे होती. कप 1979, 1992 आणि 1997 मध्येही आला. नुनो गोमेस आणि जिमी फ्लॉइड हासेलबाइंक इथूनच पुढे गेले. मोठे क्लब खेळाडू उचलून न्यायचे, बोआविस्टा पुन्हा नवे उभे करायचा.

जैमे पाशेको यांच्या हाताखाली 1998-99 मध्ये संघ दुसरा आला, मग युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग खेळला. म्हणजे 2000 च्या उन्हाळ्यात संघ तयारच होता. त्यात बेनफिकाची घडी विस्कटलेली. त्या हंगामात तिथं प्रशिक्षक बदलत राहिले, तरुण जुझे मोरिन्यो काही महिन्यांत बाहेर पडले, आणि क्लब सहाव्या क्रमांकावर फेकला गेला. आदल्या वर्षीचा विजेता स्पोर्टिंगही मागे पडला. झुंज उरली ती एकाच शहरातल्या दोघांत.

पाशेकोंचा संघ देखणा नव्हता, चिवट होता. गोलात रिकार्दो, बचावात लितोस आणि पेद्रो इमान्युएल, मधल्या फळीत प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देणारा पेतित, आणि चेंडूवर हुकमत असलेला बोलिव्हियाचा एर्विन सांचेस. 34 सामन्यांत पराभव फक्त 3, खाल्लेले गोल 22. बेसावर एफसी पोर्तोला 1-0 नं हरवलं, तिथे शर्यतीचा कल ठरला. 18 मे 2001 रोजी त्याच मैदानावर देश्पोर्तिवो दास आवेसला 3-0 नं नमवून विजेतेपद नक्की झालं. शेवटच्या दिवशी पोर्तोनं आपल्या मैदानावर चार गोलांनी वचपा काढला, पण उशीर झाला होता. अंतिम गुण 77 आणि 76. मला त्या एका गुणाचं फार अप्रूप वाटतं.

पुढच्या हंगामात इंग्लंडच्या लिव्हरपूलला त्यांच्याच ॲनफिल्ड मैदानावर 1-1 असं रोखलं, 2002-03 मध्ये युएफा कपाची, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालच्या युरोपीय स्पर्धेची, उपांत्य फेरी गाठली. मग उतरण. पेतित बेनफिकाकडे, पेद्रो इमान्युएल पोर्तोकडे 2002 मध्येच गेले होते. पोर्तुगालमध्ये झालेल्या 2004 च्या युरो स्पर्धेसाठी बेसा नव्यानं बांधलं, त्याचं कर्ज मानगुटीवर बसलं. 2008 मध्ये पंचांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात क्लबाला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आलं. त्या निर्णयाला आव्हान देऊन 2014 मध्ये तो परतला, पण 2024-25 मध्ये तळाला राहून पुन्हा घसरला, आणि आर्थिक कोंडीमुळे थेट जिल्हा पातळीवर पोहोचला.

बोआविस्टानंतर तिघांबाहेर कुणीच जिंकलेलं नाही. ब्रागा 2009-10 मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत आला, तेवढंच. पोर्तुगालमध्ये प्रत्येक क्लब आपल्या सामन्यांचे टीव्ही हक्क स्वतंत्रपणे विकत आला आहे, त्यामुळे पैशाचा मोठा वाटा तिघांकडेच जातो. 2021 च्या कायद्यानं हे हक्क एकत्र विकण्यासाठी 2028-29 ची मुदत घातली आहे.