भुतकेस आणि बागेतला पांढरा मुसेंडा

मुंबईतल्या रोपवाटिकेत भुतकेस मागितला, तर पुष्कळदा पांढऱ्या झुपक्यांचे, भरगच्च दिसणारे झुडूप हाती पडते. आमच्या सोसायटीच्या आवारात दोन वर्षे भुतकेस म्हणून जोपासलेले झुडूप ‘डोन्या ऑरोरा’ निघाले, म्हणजे फिलिपाईन्समधल्या मुसेंड्याचा शोभेचा प्रकार. दोन्ही कॉफीच्या कुळातली आणि मुसेंडा या एकाच प्रजातीतली (जीनसमधली) असल्यामुळे ही गफलत सहज होते.

ओळखण्याची खूण फुलाच्या बुडाशी असते. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या भुतकेसाच्या गुच्छात काही मोजक्याच फुलांचे एकेक निदल (पाकळ्यांच्या खालचे दल) वाढून देठासह पांढऱ्या पानासारखे लोंबते, आणि त्याच्या शेजारी नारिंगी, चांदणीच्या आकाराची लहान फुले उघडी दिसतात. ‘डोन्या ऑरोरा’मध्ये मात्र फुलाची पाचही निदले मोठी आणि पांढरी होतात व त्या झालरीत खरे फूल शोधावे लागते. गुलाबी मुसेंड्यांच्या बाबतीतही हेच घडते, पण रंगामुळे त्यांना कोणी भुतकेस समजत नाही.

भुतकेसाचे ते एकुलते पांढरे निदल म्हणजे ढगाळ उजेडात, गर्द हिरव्या पानांतही दुरून दिसणारे निशाण असते. त्याच्या रोखाने आलेल्या फुलपाखराला लांब, अरुंद पुष्पनलिकेच्या तळाशी मध मिळतो. त्यामुळे लांब सोंडेच्या फुलपाखरांना हे झुडूप विशेष सोयीचे ठरते. शिवाय भुतकेसाची पाने कमांडर फुलपाखराच्या अळ्यांचे खाद्य आहेत. लहान अळी टोकाकडून पान खाते, मधली शीर तशीच राखते आणि तिच्यावरच बसून राहते. माझ्या मते केवळ फुलांपेक्षा या पानांसाठी भुतकेस लावावा, कारण अळीच वाढली नाही तर मध पिणारे फुलपाखरू येणार कुठून?

लागवड दोघांचीही छाट कलमांनी होते आणि जूनअखेरची दमट हवा त्यासाठी उत्तम असते. भुतकेसाला सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि पाण्याचा निचरा होणारी माती मानवते. फांद्या दूरवर पसरत असल्याने जमीन उपलब्ध असेल तर कुंडी टाळावी. फुलोरा सरल्यावर हलकी छाटणी करावी, मात्र त्याआधी पानांखाली अळ्या किंवा सुकल्या पानासारखे दिसणारे कोष नाहीत ना, हे पाहून घ्यावे. कुरतडलेली पाने दिसली म्हणून माळ्याला कीटकनाशक फवारू देऊ नये.