कास्ट आयर्न बुलेट : इंजिन, शॉकअप आणि 'मूळ रूपा'चा वाद

जुनी, बिडाच्या (कास्ट आयर्न) सिलिंडरची रॉयल एनफील्ड 350 बुलेट खोलायला घेतली की एकाच गाडीत तीन काळ भेटतात. मागच्या स्विंगआर्मची (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या चौकटीची) कल्पना 1948 ची, इंजिनाचा आराखडा 1955 च्या सुमाराचा आणि आतले निम्मे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून अलीकडे आणलेले. यातले 'मूळ' नक्की काय, हा वाद पूर्वी गॅरेजच्या चहापुरता होता. 2021 पासून तो सरकारी कागदावर आला आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. 1948 साली इंग्लंडमधल्या एका ट्रायल स्पर्धेत मागे स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकअप असलेली बुलेट उतरली. तिथल्या बहुतेक गाड्यांना तेव्हा मागे शॉकअपच नव्हते. त्याच वर्षी इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्णपदके मिळवली आणि 1949 मध्ये ती विक्रीला आली. आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या. त्यातूनच 1955 मध्ये मद्रासला जोडणी सुरू झाली. पुढे साचे आणि यंत्रसामग्रीही इकडे आली. इंग्लंडमधला मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडला, पण 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) तेच 346 सीसी इंजिन मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनत राहिले. पन्नासएक वर्षे मूळ रचना कायम राहिल्यामुळे आज भाग मिळतात. मात्र त्याच कारणाने, बाहेरून जुन्या दिसणाऱ्या इंजिनाच्या पोटात कुठल्या सालचा भाग असेल याचा भरवसा नाही.

शॉकअपच्या कामात फारसे मतभेद नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवायचे. चाकाचे बेअरिंग ठीक असूनही खेळ जाणवला तर स्विंगआर्मचे बुश (सांध्यातल्या धातूच्या नळ्या) गेले. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर सीलजवळ गंजाचे खड्डे पडलेले असतात. त्या घासून हार्ड क्रोम केल्याशिवाय नवे सील टिकत नाही. कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) बदलायचा, तेल भरायचे, झाले. मागे गॅसचे शॉकअप बसवावेत का, यावर थोडी कुरकुर होते, पण ते दोन बोल्टचे काम आहे. हवे तेव्हा जुने परत लावता येतात.

खरी भांडणे बिगएंडवर, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड खाली क्रँकला जिथे जोडतो त्या सांध्यावर होतात. मूळ इंजिनात कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये बॉल नाही की रोलर नाही, नुसता तरंगता बुश आहे. तो रॉडमध्येही फिरतो आणि पिनवरही, दोन्हीकडे तेलाच्या पातळ थरावर. तेल स्वच्छ आणि पुरेसे मिळाले तर हे काम शांतपणे, वर्षानुवर्षे चालते. पण टायमिंग कव्हरमध्ये, क्रँकच्या टोकाशी एक छोटे बुचाचे सील असते (पुढे ते रबराचे आले). ते दबले, फाटले किंवा बसवताना राहून गेले तर तेल बिगएंडपर्यंत पोचण्याआधीच निसटते आणि बुश जळतो. रोलर बेअरिंग कमी तेलावरही तग धरते. त्यामुळे क्रँकची जड चाके (फ्लायव्हील) उघडलीच आहेत तर रोलरचा रॉड टाकून मोकळे व्हा, हा सल्ला रूढ झाला.

बुशची बदनामी जरा जास्तच झाली आहे. बहुतेक वेळा दोष तेलाच्या वाटेत असतो आणि शिक्षा बुशला होते. पंप झिजलेला, फिल्टर चिखलाने भरलेला तसाच ठेवून नुसता रोलर घातला, तर दुखणे पुढे ढकलले जाते एवढेच. तरीही रोलरवाल्यांची अडचण खरी आहे: बुशभोवतीची बारीक फट (गाळा) नीट राखणारे, मोजणीचा डायल लावून क्रँक सरळ करणारे लेथवाले कमी उरलेत. सिलिंडरचे तसे नाही. दहा, वीस, तीस, चाळीस (इंचाचे हजारावे भाग) अशा ओव्हरसाइझ पिस्टनला बोअर करत जायचे, मग आत नवी नळी (स्लीव्ह) ठोकून पुन्हा स्टँडर्ड. त्याला कुणी 'मूळपणा गेला' म्हणत नाही. बिगएंडलाच वेगळा न्याय का, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, खाजगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल असे मोठे काम झालेले नसावे. आता रोलरचा रॉड हा इंजिनातला फेरफार, की झिजलेल्या भागाची बदली? कडक अर्थ लावला तर चालू अवस्थेतल्या कित्येक बुलेट बाद होतील. व्यवहारात बाहेरून दिसतात ते क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर. बिगएंड पाहायचे तर इंजिन फोडावे लागेल.

शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीची ये-जा एवढीच मुभा. त्यामुळे रविवारी लोणावळ्याला जाणारे बरेच मालक व्हिंटेजच्या फंदात न पडता दर पाच वर्षांनी नेहमीचीच पुनर्नोंदणी करतात आणि पर्यावरण कर भरतात. तिथे गाडी मूळ रूपात आहे का, हा प्रश्न या अर्थाने येतच नाही.