सर्व्हर 'पॅनिक' झाला? पॉवर बटणाआधी हे वाचा

लिनक्स सर्व्हर थिजला, स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' आलं (म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबला), की हात आधी पॉवर बटणाकडे जातो. साहजिक आहे, काम अडलेलं असतं. पण त्या एका दाबाने मेमरीतला पुरावा जातो आणि बिघाड शोधायला बोलावलेल्या आमच्या हाती येतो मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात शेवटच्या वीस-पंचवीस ओळी. कामाच्या ओळी वर सरकून गेलेल्या.

एकाच कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) जुन्या मशीनवर तेवढ्यावर कधीकधी भागायचं. बत्तीस कोअरच्या सर्व्हरवर चूक एका कोअरवर होते आणि कोसळतो भलताच. समजा, एका ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामने) मेमरीचा तुकडा मोकळा केला, पण दुसऱ्या कोअरवर त्याचंच काम जुना पत्ता धरून लिहीत राहिलं. तोवर तो तुकडा नेटवर्कला मिळालेला. स्क्रीनवर नाव येतं नेटवर्कचं. मग नेटवर्क कार्ड बदललं जातं, आणि आठवड्याने पुन्हा तेच!

कधी मशीन कोसळतही नाही, नुसतं गप्प होतं. एका कोअरकडे 'अ' लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) आहे, त्याला 'ब' हवाय. दुसऱ्याकडे 'ब' आहे, त्याला 'अ' हवाय. कर्नलचा वॉचडॉग (अडकलेल्या कोअरवर लक्ष ठेवणारी सोय) साधारण 20 सेकंदांनी 'सॉफ्ट लॉकअप' अशी नोंद करतो. तेवढ्यावर पॅनिक व्हावा, डंप (मेमरीची प्रत) मिळावा, असं हवं असेल तर ते सेटिंग आधीच करून ठेवावं लागतं.

म्हणून आम्ही 'केडंप' बसवून देतो. मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी राखून तिथे दुसरा छोटा कर्नल ठेवलेला असतो. पॅनिक झाला की बाकीचे कोअर थांबवले जातात, त्यांची रजिस्टर्स (कोअरच्या आतली चालू कामाची माहिती) नोंदली जातात, आणि छोटा कर्नल मेमरीची प्रत डिस्कवर उतरवतो. त्यातून त्या क्षणी प्रत्येक कोअर काय करत होता ते दिसतं. खरा गुन्हेगार बहुधा तिथे सापडतो; नाही सापडला तरी कार्ड बदलण्याचा खर्च वाचतो.

प्रत उतरायला वेळ लागतो. स्क्रीन अडकल्यासारखी दिसली तरी बटण दाबू नका. नंतर कर्नल अपडेट केलात तरी जुन्या कर्नलची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा, कारण डंप वाचायला त्याच आवृत्तीची डीबग फाइल (मेमरीतल्या पत्त्यांना कर्नलमधली नावं जोडून देणारी) लागते. बाहेरून टाकलेले ड्रायव्हरही कळवा, लाजू नका.

आणि डंप ईमेलने पाठवू नका. ती मेमरीची प्रत आहे. तिच्यात पासवर्ड आणि तुमच्या ग्राहकांची माहितीही असू शकते. एन्क्रिप्ट करून द्या, नाहीतर आम्ही तुमच्याकडे येऊन तिथल्या तिथे तपासतो.