सॉकेट, घरगुती

भिंतीतल्या वायरिंगमधून उपकरणाला वीज देणारा जोड. बोलीभाषेत हाच ‘पॉइंट’, आणि त्यात खोचायचा तो ‘थ्री पिन टॉप’. ठाणे व नवी मुंबईत घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. तो बहुतांश भागात महावितरण करते, पण मीटरपुढचे वायरिंग ग्राहकाचे.

घरात दोन मापांचे पॉइंट असतात: ६ अँपिअरचा आणि १६ अँपिअरचा, म्हणजे ‘पॉवर पॉइंट’. समोरून पाहता वरचे मोठे भोक अर्थिंगचे, म्हणजे जमिनीत नेलेल्या तारेचे; उजवे फेजचे, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचे; डावे न्यूट्रलचे, म्हणजे परतीच्या तारेचे. अर्थची पिन लांब असल्याने टॉप खोचताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते.

टॉप जळाला की दोष ‘जास्त लोड’वर टाकला जातो. पुष्कळदा खरा दोषी ढिला जोड असतो. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर सुमारे १३ अँपिअर खेचतो. सॉकेटमधल्या, पिन धरणाऱ्या पट्टीचा ती सैल होऊन रोध ०.२ ओहम जरी झाला, तरी त्या एका ठिपक्यावर ३४ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नचे टोक प्लास्टिकला टेकवून ठेवावे तसे. प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी पट्ट्या काळवंडतात, त्याने रोध आणखी वाढतो. टॉप कोमट लागणे, पिन काळी पडणे, स्विच चरचरणे ही आधीची लक्षणे. अशा वेळी मेन बंद करून सॉकेट आणि टॉप दोन्ही बदलावेत. एकच बदलला तर जुना भाग नव्यालाही जाळतो. वायरचे जळके टोक कापून नवे सोलावे, पिळून दुमडावे आणि स्क्रू घट्ट करावा.

वाशी, नेरूळ किंवा नौपाड्यातल्या जुन्या घरांचे वायरिंग बहुधा एसी-गिझर गृहीत धरून केलेले नसते. पॉवर पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. गिझर व एसीला ४ चौरस मिलिमीटरची, मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली बरी.

अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे कारागीर अजून भेटतात. ही जोडणी जीवघेणी आहे: मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर फेज येतो. टेस्टरला फक्त फेज कळतो, अर्थिंग आहे की नाही हे तो सांगत नाही.

माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा; एमसीबी मुख्यतः वायर वाचवतो. पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला तर नुसते एमसीबी पाडून दोष शोधू नये. एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे गळती चालूच राहू शकते. सगळे टॉप उपसावेत आणि एकेक लावत जावे. गिझरचे कॉइल बहुधा तिथेच पकडले जाते. सगळे टॉप काढूनही पडत असेल, तर ओल धरलेल्या भिंतीतले बोर्ड तपासावेत.