परक्या दरबाराचा माणूस: अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतला सर्वांत जुना आरोप

१८ जुलै २०१६ ची रात्र. ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले होते आणि निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन बोलायला उभे होते. समोरून घोषणा उठली, ‘हिला तुरुंगात टाका!’ फ्लिन यांनीही तिला साथ दिली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी जे केले त्याचा दहावा हिस्सा जरी मी केला असता तरी आज गजाआड असतो, असे ते म्हणाले आणि सभागृह दणाणून गेले. त्याआधी सातच महिने, डिसेंबर २०१५ मध्ये, हेच फ्लिन मॉस्कोत ‘आरटी’ या रशियन सरकारी वाहिनीच्या मेजवानीत पुतीन यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. वाहिनीने त्यांना सुमारे ४५ हजार डॉलर मोजले होते. पुढे, डिसेंबर २०१७ मध्ये, रशियन राजदूताशी झालेल्या बोलण्याबाबत एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेशी खोटे बोलल्याची कबुली त्यांनी न्यायालयात दिली. ती मागे घेण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

त्या रात्रीचा संताप मात्र दिखाऊ नव्हता. क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना सरकारी पत्रव्यवहार घरच्या सर्व्हरवरून केला होता. त्यातल्या ११० ईमेलमध्ये गोपनीय मजकूर होता, असे एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलैला जाहीर केले. ‘कमालीचा निष्काळजीपणा’ असे म्हणून खटल्याची शिफारस मात्र केली नाही. क्लिंटन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाला सौदी अरेबियासारख्या सरकारांच्या देणग्या मिळालेल्या होत्या. ज्या बाईला देशाची सूत्रे हवी आहेत तिच्या घरच्या संस्थेत परकी सरकारे पैसे का ओततात, हा प्रश्न रास्तच होता, आणि डेमोक्रॅटिक समर्थकांनी तो उडवून लावला ही त्यांची चूक होती. पण ‘परक्यांशी संधान’ हा शब्द अमेरिकेच्या निवडणुकीत एवढा का पेटतो, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

ही भीती तिथल्या राज्यघटनेतच आहे. अध्यक्ष जन्मजात नागरिक हवा आणि संसदेच्या संमतीशिवाय कोणाही अधिकाऱ्याने परक्या राजाकडून भेट घेऊ नये, ही कलमे १७८७ मध्येच लिहिली गेली. परकी सत्ता आपलाच माणूस अध्यक्षपदी बसवील, ही धास्ती घटनाकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये उघड लिहून दाखवली होती. नवे राष्ट्र दुबळे होते आणि इंग्लंड-फ्रान्सच्या ओढाताणीत सापडले होते, त्यामुळे ती धास्ती वावगी नव्हती.

आठच वर्षांत ती खरी ठरली. १७९६ च्या निवडणुकीत फ्रान्सचे वकील, म्हणजे राजदूत, पिएर अदे यांनी फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात आपली सरकारी पत्रे छापवून आणली. इंग्लंडशी केलेला तह फ्रान्सला झोंबला आहे, तेव्हा सरकार बदला, असा त्यांचा रोख होता. म्हणजे अर्थात टॉमस जेफरसन यांना निवडा. जेफरसन ६८ विरुद्ध ७१ निर्वाचक मतांनी हरले, पण ‘फ्रान्सचा हस्तक’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाने १७९८ मध्ये त्याच रागाच्या भरात राजद्रोहाचा कायदा केला. त्याखाली व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना अध्यक्षांवर टीका केली म्हणून चार महिने कैद झाली. लोकांनी त्यांना तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिले. फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर, जॉर्ज लोगन, पदरमोड करून पॅरिसला गेले आणि युद्ध टळावे म्हणून खटपट करून आले, तर त्यांच्या नावाने १७९९ मध्ये आणखी एक कायदा झाला: खासगी माणसाने परक्या सरकारशी परस्पर बोलणी करायची नाहीत. लोगन कायदा आजही पुस्तकात आहे. दोनदा आरोप ठेवले गेले, शिक्षा एकालाही झाली नाही. निवडणूक आली की मात्र विरोधकाच्या अंगावर तो हमखास फेकला जातो.

आरोपासाठी पुरावाही घडवता येतो, हे १८८८ मध्ये दिसले. सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावाहून एक पत्र आले. खाली सही ‘चार्ल्स मर्चिसन’. मी मूळचा इंग्रज, आता इथला नागरिक. मायदेशाचे भले कोणाला मत दिल्याने होईल ते खासगीत सांगावे, अशी विनंती. ब्रिटिश वकील सर लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट यांनी भाबडेपणाने उत्तर धाडले. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा पक्ष अजूनही इंग्लंडशी सलोखा राखू इच्छितो, असा त्याचा मथितार्थ. मर्चिसन नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. पत्र लिहिणारा जॉर्ज ऑसगुडबी हा पोमोनाचा बागायतदार होता आणि पक्का रिपब्लिकन. मतदानाला जेमतेम पंधरवडा उरला असताना, २१ ऑक्टोबरला, ते उत्तर लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात झळकले आणि तिथून देशभर गेले. न्यूयॉर्कच्या आयरिश मतदारांच्या मनात इंग्लंडविषयी दुष्काळाची आणि जमीनदारीची जळती आठवण होती. क्लीव्हलंड यांनी घाईघाईने वकिलाला देशाबाहेर काढले, पण उशीर झाला होता. तिथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांवर ठरतो; त्यामुळे देशभरात जास्त मते मिळूनही न्यूयॉर्क थोडक्यात हातचे गेले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. एका पत्रानेच हा निकाल लागला असे मी म्हणणार नाही, कारण आयात कराचा वादही तेवढाच तापला होता. पण बनावट सहीच्या एका पत्राने विद्यमान अध्यक्षाला ‘इंग्रजांचा माणूस’ ठरवले, हे घडले खरे.

शीतयुद्धात खेळ मोठा झाला. जानेवारी १९६० मध्ये सोव्हिएत राजदूत मेन्शिकोव्ह यांनी डेमोक्रॅटिक नेते अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना वकिलातीत बोलावून ख्रुश्चेव्ह यांचा निरोप दिला: आपण उभे राहावे असे आम्हाला वाटते, मदत कशी करू ते सांगा. स्टीव्हन्सन यांनी तिथेच अस्वस्थता दाखवली आणि नंतर लेखी, सभ्य शब्दांत नकार कळवला. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनाही मॉस्कोने पैशांची तयारी सुचवली. मॉस्कोच्या सदिच्छा पुरेशा आहेत, एवढेच बोलून त्यांनी विषय संपवला.

त्याच १९६८ सालात दुसऱ्या गोटात जे चालले होते ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत गंभीर प्रकरण वाटते. व्हिएतनाम युद्ध भडकलेले होते. ३१ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरचे बाँबहल्ले थांबवले. पॅरिसमध्ये बोलणी मार्गी लागण्याची चिन्हे होती. रिचर्ड निक्सन यांच्या प्रचाराशी जोडलेल्या अ‍ॅना शेनॉल्ट यांच्यामार्फत दक्षिण व्हिएतनामला निरोप गेला की थोडे थांबा, निक्सन आले तर पदरात अधिक पडेल. २ नोव्हेंबरला सायगावने बोलण्यांना नकार दिला. टेहळणीतून जॉन्सन यांना हे कळले होते. त्याच रात्री त्यांनी सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन केला आणि हा देशद्रोह आहे, असे सुनावले. पलीकडून डर्कसन म्हणाले, ‘मला माहीत आहे.’

तरीही हे लोकांपर्यंत गेले नाही. बाहेर काढायचे तर मित्रराष्ट्राच्या वकिलातीवर आपण पाळत ठेवतो हे कबूल करावे लागले असते, आणि निक्सन यांचा स्वतःचा हात सिद्ध करणारा कागद हाती नव्हता. हम्फ्रीही गप्प राहिले. निक्सन सुमारे ५ लाख मतांनी जिंकले. सगळी कागदपत्रे एका लिफाफ्यात बंद झाली. जॉन्सन यांचे सुरक्षा सल्लागार वॉल्ट रॉस्टो यांनी १९७३ मध्ये तो ५० वर्षे न उघडण्याच्या सूचनेसह ग्रंथालयाच्या हवाली केला. तो १९९४ मध्ये उघडला. शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवा, असा निक्सन यांचा आदेश नोंदवणारी त्यांच्या साहाय्यकाची टिपणे तर २०१६-१७ च्या सुमारास उजेडात आली. मतदारांना जेव्हा कळायला हवे होते तेव्हा लिफाफा बंद होता, आणि त्यानंतरही व्हिएतनाममध्ये वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी लोक किती मेले ते या हिशेबात कोणी धरतही नाही.

यानंतरची प्रकरणे भराभर येतात: इराणमधील ओलिसांची सुटका निवडणुकीपर्यंत लांबवल्याचा १९८० चा आरोप, १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांची विद्यार्थीदशेतली मॉस्को सहल, १९९६ च्या चिनी देणग्या, ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत म्हणून उकरलेला त्यांचा जन्मदाखला. जन्मदाखल्याचे तर निव्वळ कुभांड होते, आणि तेच वर्षानुवर्षे टिकले.

पक्ष बाजू कशी बदलतात हे २०१२ नंतर लख्ख दिसते. त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी रशियाला अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी म्हटले, तेव्हा ओबामांनी भर चर्चेत त्यांची थट्टा केली: १९८० चे दशक आपले परराष्ट्र धोरण परत मागते आहे. चारच वर्षांत थट्टा करणारे रशियाच्या नावाने खडे फोडू लागले आणि रॉम्नींचा पक्ष निवळला. गॅलपच्या पाहणीत पुतीन यांच्याविषयी चांगले मत असणारे रिपब्लिकन २०१५ मध्ये १२ टक्के होते, ते २०१७ मध्ये ३२ टक्के झाले. मधल्या काळात पुतीन बदलले नव्हते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय!

२७ जुलै २०१६ ला ट्रम्प यांनी क्लिंटन यांचे हरवलेले ३० हजार ईमेल शोधून काढण्याचे आवाहन थेट रशियाला केले. त्यानंतर पाचेक तासांत रशियन लष्करी हेरखात्याने क्लिंटन यांच्या कार्यालयाच्या खात्यांवर प्रथमच चाल केली, असे या प्रकरणाचे विशेष तपास अधिकारी रॉबर्ट म्युलर यांचा अहवाल सांगतो. रशियाची ढवळाढवळ त्यांनी व्यापक आणि पद्धतशीर ठरवली. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेशी तिचा कट होता हे मात्र सिद्ध झाले नाही. एका बाजूने फक्त पहिले वाक्य वाचले, दुसरीने फक्त दुसरे. ट्रम्प यांच्या प्रचारातल्या एका सल्लागारावर पाळत ठेवण्याच्या अर्जांत एफबीआयने १७ ठळक चुका केल्याचे न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांना आढळले, तेही तसेच सोयीने वाचले गेले.

जून २०१९ मध्ये ट्रम्प यांना दूरचित्रवाणीवर विचारले गेले की परक्या देशाने प्रतिस्पर्ध्याची माहिती देऊ केली तर घ्याल का. ऐकून घेईन, असे ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सिनेटर मार्क वॉर्नर यांनी विधेयक पुढे केले: अशी मदत कोणी देऊ केली तर प्रचारयंत्रणेने ती एफबीआयला कळवलीच पाहिजे. स्टीव्हन्सन यांना १९६० मध्ये जे आतूनच कळले होते, तेवढेच ते कायद्यात लिहू पाहत होते. एका रिपब्लिकन सिनेटरने हरकत घेतली आणि विधेयक तिथेच अडले.